उणे ३० अंशांत गळ, रीळ आणि गिरमिट

गोठलेल्या तलावात भोक पाडून मासे धरणाऱ्याला उणे ५ अंशांचा दिवस आणि उणे ३० अंशांचा दिवस यांतला फरक वेगळा सांगावा लागत नाही. उणे ५ ला सगळे चालून जाते. दोरी ज्यांतून जाते त्या रॉडच्या कड्यांत थोडा बर्फ साचतो, दोरी गुंडाळणारे रीळ जरा जड फिरते, पण काम अडत नाही. उणे ३० ला एकेक अवजार हात टेकू लागते, आणि ते बहुधा मासा लागलेला असतानाच. गेल्या हिवाळ्यात थंडीची लाट लांबली तेव्हा मी ठरवले की घरी बसायचे नाही. एकेक अवजार या थंडीसाठी तयार करायचे, बर्फावर न्यायचे आणि त्याचे काय होते ते नीट बघायचे.

मला ही मासेमारी शिकवणारे गृहस्थ वयाने बरेच मोठे आणि बोलायला कमी. एकदा गरम तंबूतून बाहेर नेलेले रीळ काही मिनिटांत घट्ट बसले, त्यातले दोरी गुंडाळलेले स्पूल तसूभर हलेना. त्यांनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिले. "थंडीवर राग काढू नकोस," ते म्हणाले, "यात पाणी कुठून आले ते शोध."

त्या हिवाळ्यात मी जे जे केले ते या एका वाक्याच्या आधाराने केले. २० अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅमच्या आसपास बाष्प मावते; उणे ३० ला अर्धा ग्रॅमही मावत नाही. म्हणजे कडाक्याच्या थंडीतली बाहेरची हवा अगदी कोरडी असते. पूर्ण कोरडी असलेली वस्तू त्या हवेत दिवसभर राहिली तरी तिला फारसे काही होत नाही. घात होतो तो सीमेवर. थंड रीळ गरम तंबूत आणले की त्याच्यावर दव धरते. ते दव बेअरिंगच्या फटीत उतरते. मग तेच रीळ बाहेर नेले की आतल्या आत गोठते. म्हणून मी प्रत्येक वस्तूचे हवामान ठरवून टाकले. काही वस्तू सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाहेरच राहतील आणि काही तंबूतच. दोन्हीकडे ये-जा करणार त्या फक्त माणसाच्या अंगावरच्या.

तयारी रिळापासून केली. पाण्याआधी तिथे वंगणाचा प्रश्न असतो, कारण बहुतेक रिळांत भरलेले ग्रीस या थंडीचा विचार करून भरलेले नसते. टेबलावर जुने वर्तमानपत्र पसरले, हँडल काढले, बाजूच्या झाकणाचे स्क्रू सोडवले. आत दातेरी चाकांवर पिवळट ग्रीसचा जाड थर होता. टूथपिकने उचलला तर तार सुटत होती. ग्रीस काढणाऱ्या द्रावणात भाग बुडवले, मऊ ब्रशने दातऱ्यांमधली घाण काढली, कापडावर पसरून पूर्ण वाळू दिले. मग थंडीतही पातळ राहणाऱ्या सिंथेटिक तेलाचा सुईच्या टोकावर मावेल एवढा थेंब प्रत्येक बेअरिंगला. जास्त तेल घालायचा मोह होतो, पण जास्तीचे तेल धूळ आणि दव दोन्ही धरून ठेवते.

एका भागाकडे मी मुद्दाम जास्त वेळ पाहिले, तो म्हणजे हँडल उलटे फिरू न देणारे एकतर्फी बेअरिंग. त्यात छोटे छोटे रूळ असतात आणि प्रत्येकामागे केसाएवढी बारीक स्प्रिंग. दांडा उलटा फिरू लागला की स्प्रिंग रुळाला उताराच्या अरुंद बाजूला ढकलते, रूळ तिथे अडकतो आणि दांडा जागीच थांबतो. या स्प्रिंगचा जोर इतका कमी असतो की घट्ट झालेले ग्रीस तिला सहज हरवते. रूळ जागच्या जागी चिकटून बसतात, मासा खाली धाव घेतो आणि हँडल गरागरा उलटे फिरू लागते. रीळ मोडले असे वाटते. मोडलेले काहीच नसते. मी दोन सारखी रिळे घेतली, एक साफ केलेले आणि एक जसेच्या तसे, दोन्ही हवाबंद पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली. घरच्या फ्रीजरमध्ये साधारण उणे १८ अंश असतात. सकाळी साफ केलेल्या रिळाचे हँडल झटका दिला तरी जागचे हलले नाही. दुसऱ्याचे बोटभर मागे सरकून मग थांबले. उणे ३० ला ते थांबलेच नसते, याची मला खात्री आहे.

ड्रॅग, म्हणजे मासा जोराने ओढू लागला की दोरी थोडी थोडी सुटू देणारा रिळातला भाग; त्याच्या चकत्यांचेही पाहावे लागते. नमदा असलेल्या चकत्या पाणी शोषतात आणि गोठल्यावर एकमेकींना चिकटतात. मग मासा ओढतो तेव्हा दोरी सुटायला हवी ती सुटत नाही, पहिल्याच हिसक्याला तुटते. कार्बनच्या चकत्या बसवल्यावर हा त्रास बराच कमी झाला. तरीही बर्फावर गळ सोडण्याआधी मी दोरी हाताने हात-दोन हात ओढून पाहते. ड्रॅग मोकळा आहे की नाही हे तेव्हाच कळलेले बरे.

दोरीच्या बाबतीत माझे मत आता पक्के आहे. उघड्यावर बसायचे असेल तर वेणीची दोरी नको. तिच्या धाग्यांच्या मधल्या जागेत पाणी शिरते, वर येताच गोठते आणि दोरी तारेसारखी ताठ होते. साधी नायलॉनची दोरी थोडे पाणी शोषते, पण तिचा खरा दोष म्हणजे स्पूलवरचे वेटोळे ती थंडीत विसरत नाही. पाण्यात सोडली तरी गुंडाळी तशीच राहते आणि हलके आमिष खाली गेले तरी दोरी सरळ होत नाही. पर्चसारखा मासा नुसते तोंड लावून जातो, ते त्या ढिल्या वेटोळ्यांत कळतच नाही. फ्लोरोकार्बन (दुसऱ्या एका प्लॅस्टिकची दोरी) पाणी जवळजवळ शोषत नाही आणि पाण्यापेक्षा बरेच जड असल्याने सरळ खाली जाते. बाहेरच्या रॉडांवर मी तेच ठेवले. तंबूत मात्र वेणीची दोरी उत्तम, कारण तिथे ती गोठत नाही आणि मासा खोलवर नुसता हुंगून गेला तरी हाताला कळते.

रॉडच्या कड्यांत बर्फ साचणे टाळता येत नाही, पण कमी करता येते. टोकाचे कडे जरा मोठे असलेली रॉड निवडली. ओठांना लावायचे मलम कड्यांना लावणारे बरेच आहेत. मीही लावून पाहिले. थोडा वेळ फरक पडतो, मग पुन्हा लावावे लागते, आणि उघड्या बोटांनी पुन्हा लावणे हेच उणे ३० ला सगळ्यात अवघड काम आहे. त्यापेक्षा रॉडचे टोक भोकातल्या पाण्यातच बुडवून मासेमारी करणे मला बरे वाटले. बाहेर उणे ३० असले तरी बर्फाखालचे पाणी शून्याच्या खाली जात नाही, आणि तळाकडे तर ते ४ अंशांच्या आसपास असते, कारण पाणी सर्वांत जड ४ अंशांनाच असते. पाण्यात असलेल्या कड्यात दोरी अडकत नाही. कड्यात आधीच बर्फ धरला असेल तर तो चिमटीत दाबून फोडायचा नाही, आतली चिनी मातीची कडी निखळते. हातमोजा काढून मूठ भोवती धरायची आणि थोडे थांबायचे.

आता गिरमिट, म्हणजे बर्फात भोक पाडायचा ऑगर. माझ्याकडे हाताने फिरवायचे आहे आणि बॅटरीवर चालणारेही. दोन्हींचा जीव पात्यात असतो. पहिले भोक पाडून गिरमिट बाहेर काढले की पाते ओले असते, आणि वाऱ्यात त्या ओलीचा कागदाएवढा पातळ बर्फ धारेवर चढायला वेळ लागत नाही. नजरेला तो दिसतही नाही. पुढच्या भोकाला पाते बर्फ कापण्याऐवजी वरच्या वर घसरत राहते आणि माणूस जोर लावत राहतो. पात्याचे टोक बर्फावर आपटून तो थर पाडणारे मी पाहिले आहेत. थर पडतो, पण धारेचा कोनही बिघडतो, आणि कोन बिघडलेले पाते त्या हिवाळ्यात पुन्हा नीट लागत नाही. मी तिथे पोचल्यावर लागणारी सगळी भोके एका दमात पाडून घेते. गिरमिट थांबले नाही तर बर्फ धरायला सवडच मिळत नाही. शेवटचे भोक झाले की ते हवेत फिरवून पाणी उडवते, पाते कोरड्या फडक्याने पुसते आणि मगच त्यावर टोपण चढवते. ओल्या पात्यावर टोपण चढवले तर संध्याकाळी ते निघत नाही. गिरमिट भोकात उभे करून ठेवणे तर नाहीच. त्याच्या भोवतीचे पाणी गोठले की ते सोडवायला पहार लागते.

पेट्रोलवर चालणारे गिरमिट सोबतीच्या गृहस्थांचे होते. पेट्रोल या थंडीत गोठत नाही, पण त्याची वाफ नीट होत नाही, म्हणून थंड इंजिन पटकन पेट घेत नाही. त्याहून वाईट म्हणजे टाकीत शिरलेले पाणी. अर्धी रिकामी टाकी गरम-थंड होत राहिली की वरच्या हवेतले बाष्प आत दव होऊन उतरते, तळाशी बसते, आणि कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रात जाऊन गोठते. ते गृहस्थ टाकी नेहमी काठोकाठ भरून ठेवत आणि यंत्र कधीही तंबूत घेत नसत. रात्रीही ते बाहेरच्या खोपीत, त्याच थंडीत. सुरू होताना त्याला थोडा जास्त वेळ लागे. बंद पडलेले मात्र मी पाहिले नाही.

वाऱ्याबद्दल एक गोष्ट सांगते, कारण ती पुष्कळांच्या डोक्यात उलटी बसलेली असते. उणे ३० ला ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर अंगाला ते उणे ४६ सारखे लागते. हा आकडा उघड्या कातडीसाठी आहे. रीळ, बॅटरी, गिरमिट यांच्यासाठी ते उणे ३०च. वाऱ्यामुळे त्या फक्त लवकर तिथपर्यंत पोचतात. म्हणजे वाऱ्याच्या दिवशी जास्त सांभाळायचे ते बोटांना. हातांनी काम करायचे थांबवले की अवजार कितीही चांगले असले तरी उपयोग नाही. दोरीची गाठ, आमिष बदलणे, स्क्रू घट्ट करणे, जे जे घरी करता येते ते मी घरी करून नेते. गळ आणि आमिषे बांधलेल्या रॉड तयारच असतात; एक बिघडली की दुसरी उचलायची, दुरुस्ती बर्फावर करायची नाही.

तंबू आणि हीटर यांच्याविषयी मला सगळ्यात जास्त लिहावेसे वाटते, कारण ओलीचा मोठा उगम तिथेच आहे. प्रोपेन जळतो तेव्हा त्यातून पाणी तयार होते: एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी, वाफेच्या रूपाने. ज्या हीटरचा धूर बाहेर नेणारी नळी नसते, त्याची ही सगळी वाफ तंबूतच राहते. त्यात आपला श्वास आणि भोकातल्या पाण्याची वाफ. हे सगळे छताच्या गार कापडावर जाऊन दहिवरासारखे बसते, हीटर वाढवला की वितळून खाली ठिबकते, रिळावर, बॅटरीच्या जोडांवर, हातमोज्यांवर. हे लक्षात आल्यापासून मी तंबू उबदार करायचा नाद सोडला. आतली हवा शून्याच्या थोडी वर राहील इतकाच हीटर लावते, वरची खिडकी आणि खालची एक फट कायम उघडी. खिडकी उघडी ठेवायला दुसरे आणि मोठे कारण आहेच, कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही. त्याचा इशारा देणारे यंत्र मी तंबूत टांगते आणि निघण्याआधी त्याचे बटण दाबून ते वाजते की नाही ते पाहते. थंडीत त्याचेही सेल मंदावतात.

गॅसचेही गणित थंडीत बदलते. ब्युटेन शून्याच्या अर्धा अंश खालीच वाफ व्हायचा थांबतो, त्यामुळे ब्युटेन किंवा बहुतांश ब्युटेन असलेली छोटी डबी उणे ३० ला जवळजवळ निकामी. प्रोपेन उणे ४२ पर्यंत वाफ होतो, पण उणे ३० ला त्याचा दाब खूपच कमी असतो. शिवाय वाफ होताना तो सिलिंडरमधलीच उष्णता खेचतो, म्हणून लहान सिलिंडर चालता चालता स्वतःच गार होत जातो, त्यावर पांढरे दहिवर चढते आणि ज्योत बारीक होते. मोठा सिलिंडर वापरला की तीच ज्योत टिकते, कारण द्रव जास्त आणि उष्णता घ्यायला पत्राही जास्त. तंबूची चेन आणखी एक त्रासाची जागा. दात ओले झाले की गोठून बसतात. निघण्याआधी चेन पूर्ण कोरडी करून तिच्यावर मेणाची कांडी फिरवायची आणि बर्फावर असताना चेन अर्धीच लावायची, म्हणजे आतून ओढायला जागा राहते. तंबूच्या कडेच्या झालरीवर मी फक्त कोरडा भुसभुशीत बर्फ ओढते. भोकातला ओला चिखलासारखा बर्फ टाकला तर संध्याकाळी कापड तलावालाच चिकटलेले असते.

त्या ओल्या बर्फासाठी हातात झारा लागतोच. उणे ३० ला भोकावर पापुद्रा धरायला काही मिनिटे पुरतात. झारा दर वेळी झटकून उलटा ठेवायचा, नाहीतर त्याचीच छिद्रे बंद होतात. नजर ठेवता येणार नाही अशा भोकांवर मी फोमच्या जाड चकत्या ठेवते, मध्ये दोरीपुरती चीर. दूरच्या भोकांवर टिप-अप लावलेले असतात: दोरीचे स्पूल पाण्याखाली, मासा लागला की वर झेंडा उभा राहतो. पाण्याखालचे स्पूल गोठत नाही, गोठतो तो झेंड्यापर्यंत येणारा दांडा, नेमका पाण्याच्या पृष्ठभागापाशी. दांड्याच्या नळीत थंडीत पातळ राहणारे वंगण काठोकाठ भरले की पाण्याला आत शिरायला जागा राहत नाही. हे काम घरी, कोरड्या नळीत करायचे. ओल्या नळीत वंगण भरले तर पाणी आतच कोंडते.

बॅटरीचे वागणे मला सगळ्यात उशिरा उमगले. लिथियमची बॅटरी थंडीत मेल्यासारखी वाटते, पण तिच्यातला साठा कुठे जात नाही. आतली रासायनिक क्रिया मंदावते म्हणून तो बाहेर येत नाही. गिरमिटाची बॅटरी मी जाड फोमच्या डब्यात, गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून तिच्या शेजारी ठेवून नेते आणि भोके पाडायच्या वेळीच बसवते. चालू असताना ती स्वतःच थोडी ऊब धरते, म्हणून इथेही सगळी भोके एका दमात पाडण्याचा फायदा होतो. शिसे-आम्लाची बॅटरी वापरणाऱ्याने ती पूर्ण भरूनच न्यावी. भरलेल्या बॅटरीतले आम्ल उणे ५० लाही गोठत नाही. रिकामी झाली की ते पाण्याच्या जवळ जाते आणि शून्याच्या थोडे खालीच गोठून बॅटरीची पेटी फोडू शकते.

पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून मासे शोधणाऱ्या सोनार यंत्राचा एलसीडी पडदा थंडीत आळसावतो. द्रव स्फटिकांची हालचाल मंदावते आणि आमिष हलवले तरी पडद्यावरची रेघ मागाहून हलते. फिरत्या चकतीच्या जुन्या पद्धतीच्या फ्लॅशरला हा त्रास नाही, म्हणून उघड्यावर मी तोच नेते आणि एलसीडीचा तंबूतच ठेवते. दोन्हींच्या पाण्यात सोडायच्या भागावर बर्फाची खपली असेल तर आवाज पाण्यात नीट जात नाही. तो भाग आधी पाण्यात सोडून मग यंत्र सुरू करायचे. त्याची वायर थंडीत ताठ होते; घट्ट गुंडाळली तर आवरण तडकते, म्हणून मोठे सैल वेटोळे.

परतताना घाई होते, कारण अंधार आणि थंडी दोन्ही वाढत असतात. तरी एक काम मी बर्फावरच करते: रिळे, फ्लॅशर, टिप-अप यांवरचा बर्फ कोरड्या ब्रशने झाडते आणि तिथेच, त्या कोरड्या हवेत, प्रत्येक वस्तू हवाबंद पिशवीत बंद करते. घरात आल्यावर दव धरते ते पिशवीच्या बाहेरून. आतली वस्तू तोवर हळूहळू खोलीच्या तापमानाला येते. दोन-तीन तासांनी पिशव्या उघडते. ड्रॅग पूर्ण सैल करते, रॉडची टोके खाली ठेवून उभ्या करते, तंबू दोरीवर पूर्ण उलगडून टांगते. घडीत राहिलेला ओला तंबू पुढच्या खेपेला उघडतच नाही, आणि जबरदस्ती केली तर फायबरग्लासच्या काठ्या थंडीत तडकतात.

लिथियमची बॅटरी आल्या आल्या चार्जरला लावायची नाही. शून्याखालच्या सेलला चार्ज केले तर लिथियम आत शिरण्याऐवजी विद्युतअग्रावर धातूच्या रूपात बसते आणि ते नुकसान परत भरून येत नाही. चांगल्या बॅटरीत असे चार्जिंग रोखणारे सर्किट असते, सगळ्यांत असतेच असे नाही. बाहेरचे आवरण खोलीत लवकर गरम होते, आतले सेल बराच वेळ गार राहतात. म्हणून ती रात्रभर तशीच ठेवते आणि सकाळी चार्जरला लावते. निघायचे असेल तेव्हा शेजारच्या फोमच्या डब्यात दुसरी, आदल्या दिवशी भरलेली बॅटरी तयार असते.